पत्नीच्या नोकरीचा प्रश्न ख्रिस्ती दांपत्याने कसा सोडवावा

पत्नीने घराबाहेर नोकरी करावी की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती घरांत बहुधा लग्न ठरताना, पहिले मूल झाल्यावर किंवा दोघांपैकी एकाची बदली झाल्यावर उभा राहतो, आणि बहुतेक वेळा तो अर्धवटच सुटतो. एक जण तरुण स्त्रियांनी घर पाहावे हे बायबलमधील तीताच्या पत्रातील वचन पुढे करतो, दुसरा काळ बदलल्याचे सांगतो, सासूबाई नातवंडांना कोण सांभाळणार असे विचारतात, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचेच म्हणणे चालते. पुढील मार्गदर्शन अशा दांपत्यांसाठी आहे, तसेच विवाहपूर्व मार्गदर्शन करणाऱ्या पाळकांसाठी आणि धर्मगुरूंसाठीही आहे. माझे मत आरंभीच सांगितलेले बरे: पवित्र शास्त्र पत्नीच्या अर्थार्जनाला मनाई करत नाही, मात्र घराची आणि मुलांची जबाबदारी ते कोणाच्याही खांद्यावरून उतरवत नाही, पतीच्याही नाही. ज्यांना हे मत मान्य नाही, त्यांचे म्हणणेही पुढे येईल, कारण ते समजून न घेता केलेला निर्णय पहिल्याच वादात कोसळतो.

आधी प्रश्न वेगळे करा

या एका विषयात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. पत्नीने कमावणे हे पाप आहे का, हा शास्त्राचा प्रश्न आहे. आज, आपल्या घरात, या वयाच्या मुलांसह, समोर आलेली ही विशिष्ट नोकरी घ्यावी का, हा शहाणपणाचा प्रश्न आहे. आणि याचा निर्णय कोणी घ्यायचा, हा अधिकाराचा प्रश्न आहे. हे तिन्ही एकत्र मिसळले की माणसे आपली खरी अडचण वचनाआड लपवतात. रात्रपाळीच्या प्रवासाची धास्ती वाटणारा पती ‘शास्त्रात बसत नाही’ असे म्हणतो, आणि दिवसभराच्या टोमण्यांना कंटाळलेली पत्नी ‘देवाने मला हे पाचारण दिले आहे’ असे म्हणते. म्हणून बोलणे सुरू करण्यापूर्वी दोघांनी आपापला प्रश्न यांपैकी कोणता, हे एका वाक्यात सांगावे. माझ्या पाहण्यात, पहिल्या प्रश्नावर भांडणाऱ्या बहुतेक जोडप्यांचा खरा मतभेद दुसऱ्या प्रश्नाविषयीच असतो, आणि तो वचनांनी नव्हे तर वेळापत्रकाने सुटण्यासारखा असतो.

वचने संदर्भासह वाचा

या विषयात सर्वाधिक उद्धृत होणारा उतारा तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. क्रेत बेटावरील मंडळ्यांची, म्हणजे ख्रिस्ती समुदायांची, घडी बसवण्यासाठी प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याला तेथे मागे ठेवले होते. वयस्क स्त्रियांनी तरुण स्त्रियांना पतीवर व मुलांवर प्रेम करण्यास, मर्यादेने वागण्यास, घरचे काम पाहण्यास आणि आपापल्या पतीच्या अधीन राहण्यास शिकवावे, म्हणजे देवाच्या वचनाची निंदा होणार नाही, असे तो सांगतो. पत्नीचे स्थान घरातच आहे असे मानणारे ख्रिस्ती लोक म्हणतात की ही आज्ञा थेट तरुण पत्नींना उद्देशून आहे, घर हे तिच्या कामाचे क्षेत्र म्हणून येथे नाव घेऊन सांगितले आहे, आणि तिचे कारण केवळ त्या काळच्या रूढीत नसून सुवार्तेच्या प्रतिष्ठेत आहे. हे म्हणणे हलके समजू नये. परंतु वचन घर पाहावे असे सांगते. घराबाहेर काही करू नये असे सांगत नाही, आणि या दोन गोष्टींतील अंतर वाचकाने स्वतः भरून काढू नये. शिवाय ज्या जगात हे पत्र लिहिले गेले, त्या जगात घर हीच बहुधा कार्यशाळा, कोठार आणि दुकानही असे.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचेही असेच आहे. चौदाव्या ओवीत तरुण विधवांनी लग्न करावे, मुलांना जन्म द्यावा आणि घर चालवावे असे म्हटले आहे. परंतु त्याआधीच्या ओवीत पौलाची तक्रार काय आहे हे वाचल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. तक्रार आळसाची, घरोघर फिरण्याची आणि लुडबुड करण्याची आहे. म्हणजे तेथे घर चालवण्याच्या विरुद्ध बाजूस रिकामटेकडेपणा उभा आहे, नोकरी नव्हे. त्याच अध्यायातील आठवी ओवी, म्हणजे आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासणाऱ्यापेक्षाही वाईट आहे हे वचन, कमावणे हे पतीचेच काम असल्याचा पुरावा म्हणून वारंवार वापरले जाते. मात्र तो सारा अध्याय विधवांच्या पालनपोषणाविषयी आहे, आणि सोळाव्या ओवीत तर विश्वास ठेवणाऱ्या स्त्रीच्या घरी विधवा असतील तर तिने त्यांचे साहाय्य करावे, मंडळीवर भार पडू देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. तरतुदीची जबाबदारी स्त्रीवरही येते, हे याच उताऱ्यात असताना आपण आठव्या ओवीवरच का थांबतो, याचा विचार दोघांनी करावा.

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे वर्णन दोन्ही पक्ष आपल्या बाजूने वापरतात, आणि दोघांनाही त्यात आधार सापडतो. ती शेताचा विचार करून ते विकत घेते, आपल्या मिळकतीतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रे विणून विकते आणि व्यापाऱ्यांना कमरबंद पुरवते. त्याच वेळी ती पहाट होण्याआधी उठून घरच्यांच्या अन्नाची व्यवस्था करते आणि घराच्या चालीरीतींवर लक्ष ठेवते. येथे दोन गोष्टी सहसा निसटतात. पहिली अशी की दहाव्या ओवीपासूनचे हे २२ ओव्यांचे काव्य इब्री वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहे. ते सद्गुणाचे अथपासून इतिपर्यंतचे चित्र आहे, एका बाईच्या एका दिवसाचे वेळापत्रक नव्हे. दुसरी अशी की पंधराव्या ओवीत तिच्या दासींचा उल्लेख आहे. ज्या घरात एकही मदतनीस नाही आणि पती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, तेथे या अध्यायाच्या आधारे पत्नीकडून नोकरी आणि घर दोन्ही परिपूर्ण सांभाळण्याची अपेक्षा करणे म्हणजे शास्त्राच्या नावाखाली जुलूम करणे होय. मातृदिनाच्या उपदेशांत हा अध्याय वाचला जातो तेव्हा दासींची ओवी कोणी समजावून सांगितलेली मी तरी ऐकलेली नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात पृथ्वी सत्तेखाली आणण्याची आज्ञा पहिल्या अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या ओवीत पुरुष आणि स्त्री दोघांना मिळते. घाम गाळून भाकर मिळवण्याचे आणि वेदनेने मुलांना जन्म देण्याचे वर्णन तिसऱ्या अध्यायात, पतनानंतर, म्हणजे पहिल्या स्त्रीपुरुषांनी पाप केल्यानंतर येते. त्यावरून कामाची कायमची वाटणी सिद्ध होते असे काही अभ्यासक मानतात. मला मात्र पापाच्या परिणामांचे वर्णन हे देवाच्या इच्छेचे वर्णन म्हणून वाचणे पटत नाही.

नव्या करारातील उदाहरणे घेताना उलट दिशेचा अतिरेकही टाळावा. फिलिप्पै येथे पौलाला भेटलेली थुवतीरा नगरची लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत होती, परंतु ती विवाहित होती की नाही हे प्रेषितांची कृत्ये सांगत नाही; रोमकरांस पत्रातील फिबीविषयीही तेच. म्हणून पत्नींच्या नोकरीचा पुरावा म्हणून त्यांची नावे ठोकून देऊ नयेत. स्पष्ट उदाहरण प्रिस्किल्लेचे आहे. क्लौद्य कैसराच्या हुकुमामुळे रोम सोडावे लागल्यावर ती आणि तिचा पती अक्विल्ला करिंथ येथे आले, तेथे तंबू करण्याच्या त्यांच्या व्यवसायात पौल सामील झाला, पुढे दोघे इफिसास गेले आणि अपुल्लो या उपदेशकाला देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावून सांगताना दोघेही होते. हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना हिचा उल्लेख लूककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आहे. ती कमावत होती असे तेथे म्हटलेले नाही, पण येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या आणि स्वतःच्या मालमत्तेतून सेवा करणाऱ्या स्त्रियांमध्ये ती होती, एवढे निश्चित. आणि जुन्या करारात पाहिले, तर इस्राएलाचा न्याय करणारी दबोरा ही लप्पीदोथाची पत्नी होती, ही माहिती शास्ते पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आवर्जून दिलेली आहे.

हे उतारे दोघांनी एकत्र, मोठ्याने आणि पूर्ण अध्यायासह वाचावेत. एकट्याने वाचून दुसऱ्याला ऐकवू नयेत.

आपल्या मंडळीची शिकवण नेमकी जाणून घ्या

‘चर्चला हे मान्य नाही’ किंवा ‘चर्च आता काही म्हणत नाही’ ही दोन्ही वाक्ये सहसा ऐकीव असतात. कॅथलिक शिकवणीचा प्रवास तर शोधून वाचण्यासारखा आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांविषयीच्या परिपत्रकात स्त्री स्वभावतः घरकामास योग्य असल्याचे म्हटले, आणि १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी पतीच्या अपुऱ्या मजुरीमुळे मातांना घराबाहेर कामास जावे लागणे हा असह्य अन्याय ठरवला. त्या दोन्ही विधानांमागे कारखान्यांत बारा-बारा तास राबणाऱ्या स्त्रिया आणि मुले होती, हे विसरून ती आज वाचता येत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये लहान मुलांना घरी आईची काळजी हवी असे सांगतानाच स्त्रियांच्या न्याय्य सामाजिक प्रगतीस कमी लेखू नये असेही नोंदवले. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कुटुंबविषयक पत्रात स्त्रियांना सार्वजनिक कार्यांत प्रवेश असणे पूर्णपणे न्याय्य ठरवले, आणि त्याच ठिकाणी पत्नींना व मातांना घराबाहेर काम करण्यास प्रत्यक्षात भाग पाडले जाऊ नये, अशी समाजरचना मागितली. १९९५ मध्ये स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे आभार मानले. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या पत्रात तर पतीने घरकाम किंवा मुलांच्या संगोपनातील काही भाग उचलल्याने त्याचे पुरुषत्व कमी होत नाही, असे वाक्य आहे. थोडक्यात, कॅथलिक दांपत्यापुढे मनाई नाही. सक्ती नसावी हा आग्रह आहे, आणि ही सक्ती पैशाच्या टंचाईचीही असू शकते.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत एकच अधिकृत आवाज नसल्यामुळे आपल्या पाळकांना सरळ विचारावे लागते. इवँजेलिकल मंडळ्यांत दोन प्रवाह ओळखता येतात. एक प्रवाह पतीच्या मस्तकपणावर, म्हणजे पती हा पत्नीचा प्रमुख आहे या शिकवणीवर, भर देतो. १९८७ मध्ये अमेरिकेत तयार झालेले डॅनव्हर्स निवेदन हा त्याचा प्रसिद्ध मसुदा आहे, आणि मातृत्व व गृहिणीपद यांच्या मोलाविषयी समाजात आलेल्या दोलायमानतेची चिंता त्यात व्यक्त झाली आहे. तरीही पत्नीने नोकरी करूच नये असा नियम त्या निवेदनात नाही, हे त्याचा दाखला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. दुसरा प्रवाह पती आणि पत्नी यांची परस्पर अधीनता मानतो, आणि १९८९ मधील बायबलमधील समानतेविषयीचे निवेदन त्याचे आहे. आपल्याकडे अनेक मराठी मंडळ्यांत अमेरिकन पुस्तके आणि चित्रफिती यांतून पहिला प्रवाह आला आहे, आणि त्याबरोबर तेथील मध्यमवर्गीय उपनगरी घराचे चित्रही आले आहे. त्यातले शास्त्र कोणते आणि उपनगर कोणते, हे निवडून घ्यावे लागते. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी की नाही हा प्रश्नही अनेकदा या चर्चेत घुसतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ती देते, कॅथलिक चर्च देत नाही. परंतु पत्नीने बँकेत किंवा शाळेत काम करावे की नाही, याच्याशी त्या प्रश्नाचा संबंध नाही.

जुन्या घरांकडे पाहा

‘पूर्वी ख्रिस्ती स्त्रिया घरीच असत’ हा समज तपासून घेतल्यास चर्चेतील बरीच धग निघून जाते. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या पत्नी काथारीना फॉन बोरा यांनी विटेनबर्गच्या जुन्या मठात राहणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि पाहुण्यांची व्यवस्था पाहिली, बिअर गाळली, गुरे आणि बागा सांभाळल्या, आणि त्सुल्सडॉर्फ येथील शेतीचा कारभारही चालवला. त्या घराच्या अर्थव्यवहाराची खरी सूत्रे त्यांच्याकडेच होती. फ्रान्समधील आलाँसाँ येथे झेली मार्टिन यांनी लेस विणण्याचा व्यवसाय उभा केला, आणि १८७० मध्ये त्यांचे पती लुई यांनी आपले घड्याळांचे दुकान विकून पत्नीच्या व्यवसायाला हातभार लावला. या दांपत्याला २०१५ मध्ये एकत्र संत घोषित करण्यात आले. झेली यांची पत्रे मात्र आदर्शाचे गोड चित्र रंगवत नाहीत, कामाच्या ओझ्याविषयीची तक्रार त्यांत वारंवार येते. इटलीतील बालरोगतज्ज्ञ जाना बेरेत्ता मोल्ला विवाहानंतर आणि मुले झाल्यावरही रुग्ण तपासत राहिल्या. त्यांना २००४ मध्ये संत घोषित केले गेले.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना पंडिता रमाबाईंचे नाव हमखास घेतले जाते, पण त्यांनी १८८९ मध्ये शारदा सदन काढले तेव्हा त्या विधवा होत्या, त्यामुळे पत्नीच्या नोकरीच्या प्रश्नात त्यांचा दाखला नेमका बसत नाही. त्याऐवजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, मिरज, पुणे येथील मिशनच्या शाळा आणि रुग्णालये पाहावीत. तेथे शिक्षिका, परिचारिका आणि खेड्यांत वचन सांगत फिरणाऱ्या बायबल बाई म्हणून काम करणाऱ्यांत विवाहित स्त्रियाही होत्या, आणि कित्येक मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आजीची शाळेतली किंवा वॉर्डातली नोकरी हीच घराची पहिली नियमित मिळकत होती. वसईच्या वाड्यांतून भाजी आणि फुले घेऊन मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या कॅथलिक बायकांना तर ‘घराबाहेर काम करावे का’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. प्रश्न उठतो तो पांढरपेशा नोकरीच्या वेळी, ही गोष्ट आपल्याविषयी काही सांगून जाते.

कागद घेऊन बसा

एवढे झाल्यावर शहाणपणाच्या प्रश्नाकडे यावे. त्यासाठी एक मोकळी दुपार, एक वही आणि तिसऱ्या माणसाची अनुपस्थिती पुरेशी आहे. आईवडिलांचे मत जरूर घ्यावे, परंतु या बैठकीत नव्हे.

सर्वप्रथम घरातील कामांची यादी लिहावी, आणि ती पतीने लिहावी. पत्नीने लिहिली तर ती पूर्ण होते, पण पतीला त्यातून काही कळत नाही. भाजी निवडणे, डबे भरणे, पाण्याची वेळ सांभाळणे, मुलांचा अभ्यास, शाळेतील पालकसभा, सासऱ्यांची औषधे, नाताळच्या आधीचा फराळ आणि पाहुण्यांची सरबराई अशी यादी वाढत जाते, आणि प्रत्येक कामापुढे सध्या ते कोण करते हे लिहिले की नोकरीचा विचार करण्यापूर्वीच काही गोष्टी उघड होतात. पत्नी नोकरीला लागल्यावर यांतील कोणती कामे पती घेणार, कोणती मुले, कोणती पगारी मदतनीस, आणि कोणती सोडून द्यायची, हे नावानिशी ठरवावे. ‘मी मदत करीन’ हे आश्वासन येथे स्वीकारू नये, कारण मदत करणारा मनाला येईल तेव्हा थांबू शकतो. मंगळवार आणि शुक्रवारचा स्वयंपाक माझा, असे वाक्य हवे. कमावणारी पत्नी आणि तरीही सगळे घरकाम तिच्याच वाट्याला, ही आज अनेक ख्रिस्ती घरांची वस्तुस्थिती आहे, आणि इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे पतीने पत्नीवर प्रेम करावे असे जे म्हटले आहे, त्याची पहिली परीक्षा भांडी घासण्याच्या जागी होते.

नंतर पैशाचा हिशेब. समजा पत्नीला मासिक २८,००० रुपये पगार मिळणार आहे, पाळणाघराचे ६,०००, प्रवासाचे २,५०० आणि घरातील मदतनिसाचे ३,५०० रुपये जाणार आहेत. बहुतेक घरांत हे १२,००० रुपये सरळ तिच्या पगारातून वजा करून ‘हाती येणार १६,०००, मग एवढा आटापिटा कशाला’ असा निष्कर्ष काढला जातो. परंतु मूल दोघांचे असल्यामुळे पाळणाघराचा खर्चही दोघांच्या एकत्रित उत्पन्नातून वजा करायला हवा. शिवाय काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी मिळवणे कठीण जाते, भविष्य निर्वाह निधी वाढत नाही, आणि पतीच्या आजारपणात किंवा मृत्यूनंतर घर कशावर चालेल हाही प्रश्न उरतो. या गोष्टी आजच्या महिन्याच्या हिशेबात दिसत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या लिहाव्यात. उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडावी: दुसऱ्या पगारामुळे मोठ्या घराचे कर्ज घेतले गेले, तर पुढे नोकरी सोडण्याची मोकळीक दोघांनाही राहत नाही. हप्ता शक्यतो एकाच पगारात बसेल इतकाच ठेवावा.

मूल लहान असेल तर कायद्याने मिळणारे हक्क माहीत असावेत. २०१७ च्या दुरुस्तीपासून पात्र कर्मचारी स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे सवेतन प्रसूती रजा मिळते, त्यापुढील अपत्यासाठी १२ आठवडे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते. मुलाखतीत याची चौकशी करण्यास संकोच करू नये.

ख्रिस्ती घराच्या काही खास बाबीही याच वहीत याव्यात. परिचारिकेची किंवा हॉटेलमधील नोकरी असेल तर रविवारची पाळी येणार. अशा वेळी शनिवारची सायंकाळची मिस्सा, दुसरी उपासना किंवा घरची कौटुंबिक प्रार्थना यांपैकी काय शक्य आहे ते आधी ठरवावे. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला, द्यायचा असेल तर तो दोन्ही उत्पन्नांवर द्यायचा का आणि कोणाच्या हाताने, हे दोघांनी ठरवावे. पत्नीच्या मिळकतीचे दान पतीच्या नावाच्या पाकिटात जाऊ नये, एवढे तरी पाहावे. पत्नीने घरी राहण्याचे निवडले असेल तर तिच्या नावाने दरमहा ठरावीक रक्कम स्वतंत्र खात्यात जावी, आणि ‘ती काही करत नाही’ हे वाक्य पाहुण्यांसमोरही उच्चारले जाऊ नये. पत्नी कमावणार आणि पती काही काळ घर पाहणार, असे ठरले तरी हीच रीत लागू होते. नातेवाइकांना काय सांगायचे तेवढे दोघांनी एकसारखे ठरवून ठेवावे.

मतभेद उरल्यास

अधिकाराचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण वरील दोन टप्पे नीट पार पडल्यास तो बहुधा उरतच नाही. उरला, तर इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील पत्नींनी अधीन असावे हे वचन वाचताना त्याआधीची एकविसावी ओवी, ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन राहा ही, वगळू नये. पतीला अंतिम निर्णयाचा अधिकार आहे असे मानणाऱ्या घरातही तो अधिकार पत्नीचे म्हणणे संपण्याआधी वापरता येत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल दांपत्याला एका वेगळ्याच बाबतीत, शरीरसंबंधापासून दूर राहण्याविषयी सल्ला देतो, पण तेथे त्याने घालून दिलेली निर्णयाची रीत येथेही उपयोगी पडते: परस्परसंमतीने आणि ठरावीक काळापुरते. नोकरी घ्यायची किंवा सोडायची ती सहा महिन्यांसाठी किंवा वर्षासाठी ठरवावी, आणि त्या मुदतीत दुसऱ्याने रोज जुना वाद उकरून काढू नये.

याला एक स्पष्ट मर्यादा आहे. पत्नीला मारहाण करून किंवा घरात कोंडून नोकरीपासून रोखणे, अथवा तिचा पगार जबरदस्तीने काढून घेणे, हा मस्तकपणाचा मतभेद नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आर्थिक छळालाही हिंसाचार मानतो, आणि १८१ या क्रमांकावर महिलांसाठी मदत उपलब्ध आहे. अशा प्रसंगी पाळकांनी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याची घाई करू नये. आधी तिच्याशी एकटीशी बोलावे आणि ती सुरक्षित आहे याची खात्री करावी.

पाळकांना आणि मंडळीच्या समितीला आणखी एवढेच सुचवावेसे वाटते की उपदेशाआधी आपले वेळापत्रक तपासावे. महिला मंडळाची सभा बुधवारी दुपारी तीन वाजता ठेवून नोकरी करणाऱ्या बहिणी सेवेत दिसत नाहीत अशी खंत व्यक्त करणे न्याय्य नाही. सभा आलटून पालटून रविवारच्या उपासनेनंतर घ्यावी, आणि त्या वेळी मुलांना सांभाळण्याचे काम तरुण संघाकडे किंवा पुरुषांकडे द्यावे. विवाहपूर्व मार्गदर्शनात कामांची यादी आणि पैशाचा हिशेब हे दोन्ही कागद वधूवरांकडून लग्नाआधीच लिहून घ्यावेत, शक्य तर वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, आणि मग शेजारी ठेवून वाचावेत.

ठरवलेली मुदत संपण्याची तारीख शाळाप्रवेशाच्या धांदलीत किंवा नाताळच्या आठवड्यात येणार नाही, अशी निवडावी. त्या दिवशी जुनी वही उघडून प्रत्येक कामापुढे लिहिलेले नाव आणि प्रत्यक्षात ते करणाऱ्याचे नाव पडताळावे. मुले बोलण्याइतकी मोठी असतील तर त्यांनाही विचारावे, कारण डबा कोणी भरला हे त्यांना बरोबर आठवते. नावे जुळत नसतील तर नोकरीविषयीचा निर्णय बदलण्यापूर्वी कामांची वाटणी बदलून पाहावी, आणि पुढची मुदत त्याच पानावर लिहून दोघांनी खाली सही करावी.